बोटीवर जेवायला काय, आणि उतरायचं कुठं?

आज विषय समुद्रप्रवासाचा आहे, पण सुरुवात घरापासून करू.

गेल्या महिन्यात आमच्या मुलीनं आम्हां दोघांसाठी मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझची तिकिटं काढली. तीन रात्रींची सफर. आमचं वय आता सत्तरीच्या पुढं. घाट, लेणी, देवळं पुष्कळ पाहिली, पण पाण्यावर रात्र काढायचा प्रसंग लहानपणानंतर आला नव्हता. तिकिटं हातात पडल्यावर आमच्या पत्नीनं पहिला प्रश्न विचारला, "बोटीवर जेवायला काय असतं? मधे माझी एकादशी येते." आणि दुसरा, "मधे कुठं उतरता येतं का? की नुसतं पाणीच बघायचं?"

मुलगी हसली. म्हणाली, "आई, पहिल्यांदा जाणारे सगळे हेच दोन प्रश्न विचारतात."

आम्ही मात्र त्या दोन प्रश्नांपाशीच अडलो. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळं साध्या प्रश्नात काहीतरी शोधायची खोड आहे. (हशा) पण खोड बाजूला ठेवली तरी एक गोष्ट दिसते. पहिल्यांदा बोटीवर चढणारा आपल्या किनाऱ्यावरचा माणूस निदान दोनशे-अडीचशे वर्षं हेच दोन प्रश्न विचारत आला आहे. फरक इतकाच, की तेव्हा पहिल्या प्रश्नाचा अर्थ असायचा, "जेवण कुणी शिजवलंय?" आणि दुसऱ्याचा, "उतरल्यावर आम्ही तेच राहू का, आणि परत आल्यावर आम्हांला घरात घेतील का?" या दोन प्रश्नांचा इतिहास आज आपण पाहणार आहोत.

आता भिवंडीत बसून समुद्राचं बोलायचं म्हणजे थोडं विचित्र वाटेल. भिवंडी म्हटलं की लोकांना यंत्रमागाचा खडखडाट आठवतो, गोदामं आठवतात, नाशिक हायवेवरचे ट्रक आठवतात. पण हे गाव मुळात बंदर आहे. कामवारी नदी, पुढं खाडी, खाडीतून वसईकडं समुद्र. खाडी ओलांडली की कल्याण. १६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात याच खाडीतून झाली. १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात चिंता व्यक्त झाली आहे, की शहाजीच्या मुलानं भिवंडी, कल्याण, पनवेल या बंदरांत लढाऊ गलबतं बांधली आहेत. पोर्तुगीजांना भिवंडीची भीती वाटत होती, ही गोष्ट आज कुणाला सांगितली तर खरी वाटणार नाही. आपल्याकडं बंदर मोहल्ला हे नाव मात्र राहिलं. बंदर गेलं.

म्हणजे इथली माणसं पाण्यावर जात होती. कोळी जात होते, कोकणी मुसलमान जात होते, भंडारी जात होते. मग समुद्र ओलांडू नये हे कुणासाठी होतं?

धर्मशास्त्रात याला कलिवर्ज्य म्हणतात. कलियुगात वर्ज्य अशा गोष्टींची एक यादीच आहे आणि तिच्यात द्विजानं समुद्रातून नौकेनं जाणं येतं. भारतरत्न पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात या कलिवर्ज्यांची सविस्तर चर्चा केली आहे. त्याही आधी बौधायनाच्या धर्मसूत्रात समुद्रगमन पतित करणाऱ्या कर्मांमध्ये मोजलं आहे. गंमत अशी की त्याच बौधायनानं उत्तरेकडच्या लोकांच्या खास चाली सांगताना समुद्रप्रवासाचाही उल्लेख केला आहे. म्हणजे लोक जात होते. कुणी जातच नसेल तर बंदी घालण्याची गरज नसते. निषेध हा नेहमी चालू असलेल्या गोष्टीचा असतो.

या बंदीच्या मुळाशी काय होतं? खाऱ्या पाण्याची भीती नव्हती, तसं असतं तर कोळ्यालाही बंदी झाली असती. अडचण होती ती नित्यकर्माची आणि अन्नाची. बोटीवर सोवळं पाळता येत नाही, चूल वेगळी मांडता येत नाही, पाणी कुणाच्या हातचं हे सांगता येत नाही. थोडक्यात, प्रश्न समुद्राचा कमी आणि स्वयंपाकघराचा जास्त होता.

आपल्या आज्यांनी यावर जमिनीवरच्या प्रवासापुरता एक उपाय काढला होता. दशमी. दशमीचं पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवतात. आपण समजतो की मऊ राहावी आणि टिकावी म्हणून. ते खरंच आहे. पण दुधात भिजवलेलं आणि तळलेलं खरकट्यात धरत नसत, त्यामुळं ते प्रवासात चालायचं. म्हणजे दशमी हा खाद्यपदार्थही आहे आणि धर्मशास्त्रातली पळवाटही आहे. पण बोटीचा प्रवास दोन महिन्यांचा. दशम्या दोन महिने पुरत नाहीत.

तरीही माणसं गेली. १७८१ मध्ये राघोबादादांनी आपली बाजू मांडायला वकील लंडनला पाठवले. हनुमंतराव नावाचा ब्राह्मण, आणि त्याच्याबरोबर मणियार नावाचा पारशी. राजकारणात त्यांच्या हाती फारसं लागलं नाही. पण तिथं एडमंड बर्क या संसदपटूनं त्यांना आपल्या घरी, बीकन्सफील्डला नेलं. आता यांच्या जेवणाचं काय करायचं? बर्कनं आपलं ग्रीनहाउस, म्हणजे झाडं ठेवायचं काचघर, त्यांना मोकळं करून दिलं. तिथं त्यांनी आपल्या रीतीनं स्वयंपाक केला आणि आपल्या रीतीनं जेवले.

या प्रसंगाकडं जरा थांबून पाहू. यजमान म्हणाला नाही की आमच्या टेबलावर बसा नाहीतर उपाशी राहा. पाहुणाही म्हणाला नाही की तुमच्या घराची पायरी चढणार नाही. ताट वेगळं राहिलं, पण भेट झाली. पुढं याच बर्कनं कंपनीच्या कारभारावर वॉरन हेस्टिंग्जच्या महाभियोगात आवाज उठवला. त्या काचघरामुळं उठवला असं आम्ही म्हणणार नाही, इतिहास इतका सोपा नसतो. पण हिंदुस्थानातली माणसं त्यानं आपल्या अंगणात चूल मांडताना पाहिली होती, एवढं खरं.

आणि परत आल्यावर? फ्रान्सिस विल्फर्ड या अधिकाऱ्यानं लिहून ठेवलं आहे, की राघोबांच्या वकिलांना परतल्यावर बहिष्कृत मानलं गेलं, आणि शुद्धीसाठी सोन्याची योनी घडवून तिच्यातून त्यांना बाहेर यायला लावलं. म्हणजे पुन्हा जन्म घ्यायला लावला. जाताना वेगळी चूल मांडून भागलं, येताना नवा जन्म लागला. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचं हे उत्तर आहे. उतरता येतं कुठंही. परत चढणं अवघड.

आता शंभर वर्षं पुढं आणि खाडीच्या पलीकडं, कल्याणला येऊ. आनंदीबाई जोशी १८६५ मधल्या, माहेर कल्याणचं. नवव्या वर्षी लग्न, नवरा गोपाळराव पोस्टात. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. डॉक्टर व्हायचं, ही गोष्ट तिथून सुरू झाली. गोपाळरावांची बदली बंगालात श्रीरामपूरला झाली असताना, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथल्या कॉलेजात या अठराव्या वर्षाच्या मुलीनं इंग्रजीत भाषण केलं. लोक जे प्रश्न विचारत होते तेच तिनं घेतले. अमेरिकेला का जातेस? इथं शिकता येत नाही का? एकटी का? आणि, जात तुला बाहेर टाकणार नाही का?

या शेवटच्या प्रश्नाला तिनं दिलेलं उत्तर असं होतं, की आपण तिथं आपल्याच पद्धतीचं खाणार, आपल्याच पद्धतीचं लेणार, हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. मग बाहेर टाकायचं कारण काय?

७ एप्रिल १८८३ रोजी ती कलकत्त्याहून 'सिटी ऑफ कॅलकटा' बोटीनं निघाली. बरोबर मिशनरी बायका. ४ जूनला न्यूयॉर्क. शाकाहारी बाईला घेण्यासारखं त्या बोटीवरच्या जेवणात फारच थोडं होतं. बरोबरच्या बायकांचा धर्मांतराचा आग्रह वेगळाच. मेनू बघून आपण आज "आमच्यासाठी यात काहीच नाही" म्हणतो तेव्हा आपली एक वेळ मोडते. तिचे दोन महिने मोडले. तरी ती कुणावर रुसून केबिनमध्ये बसली नाही. पुढं न्यू जर्सीत थिओडिशिया कार्पेंटर यांच्या घरी ती राहिली, त्यांना मावशी म्हणू लागली. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची पदवी घेतली. परत आली ती क्षयानं पोखरलेली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेली, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. तिची रक्षा कार्पेंटरबाईंकडं पाठवली गेली आणि न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सीच्या दफनभूमीत त्यांच्या कुटुंबाच्या जागेत तिला ठेवलं आहे. कल्याणची मुलगी. तिथल्या माणसांनी तिला आपल्यात घेतलं, तेही तिचं ताट न बदलता.

याच गोपाळरावांची पुढची गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्तानं मंडळी जमली. न्यायमूर्ती रानडे, टिळक, गोखले असे मोठे लोक. समोर चहा-बिस्किटं आली. कुणी चहा प्याले, कुणी नुसता कप हातात घेतला, कुणी तोही घेतला नाही. नंतर गोपाळरावांनी सगळ्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली. झालं. ग्रामण्य सुरू. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं ठरली. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, आणि त्यांच्याच अनुयायांना ते आवडलं नाही.

एक कप चहा! समुद्रही ओलांडायचा नव्हता, नुसता रस्ता ओलांडायचा होता. आम्ही विद्यार्थ्यांना हे प्रकरण शिकवायचो तेव्हा मुलं हसायची. आम्ही म्हणायचो, हसा, पण आपल्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या घरचा चहा आपण प्यालेला नाही, ते एकदा मनात मोजा. मग वर्ग जरा गप्प व्हायचा.

मोहनदास गांधींनाही हेच दोन्ही प्रश्न पडले होते. ४ सप्टेंबर १८८८ रोजी ते मुंबईहून 'क्लाइड' बोटीनं निघाले. मोढ वाणी जातीनं त्यांना आधीच वाळीत टाकलं होतं आणि निरोप द्यायला धक्क्यावर जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठेवला होता. बोटीवर त्यांना काट्याचमच्यानं खाता येईना. कुठल्या पदार्थात मांस आहे हे वाढप्याला विचारायचं धैर्य होईना. म्हणून ते घरून नेलेल्या मिठाईवर आणि फळांवर राहिले. आत्मचरित्रात त्यांनी हे मोकळेपणानं सांगितलं आहे. पहिल्यांदा क्रूझवर जाऊन बुफेपाशी संकोचून उभ्या राहणाऱ्या कुणालाही यावरून धीर यावा. १८९१ मध्ये परतल्यावर भावानं त्यांना नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घालवलं, आणि मग राजकोटला जातीला जेवण दिलं. पुन्हा बघा, परत चढायचं तिकीट म्हणजे जेवण.

आणि त्या बोटींवर शिजवत कोण होतं? पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर स्वयंपाकघर आणि जेवणघर बहुतेक गोव्याच्या ख्रिस्ती माणसांच्या हातात असे. मुंबईत धोबी तलावाच्या बाजूला त्यांचे कूड होते, गावागावांचे. बोट लागली की तिथं राहायचं, पुढची मिळाली की निघायचं. डेकवर आपल्या रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी, त्यांचा सारंग, त्यांचा तांडेल, आणि त्यांच्यासाठी शिजवणारा भंडारी वेगळा. म्हणजे साहेबाच्या मेनूमागं गोवेकराचा हात होता आणि साहेबाच्या इंजिनामागं, सुकाणूमागं आमचीच माणसं होती. समुद्रबंदीच्या सगळ्या चर्चेत या माणसांचं मत कुणी विचारलं नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या समुद्र ओलांडत होती.

आणखी एका प्रवाशाचा विचार केला पाहिजे, नाहीतर हा इतिहास एकाच बाजूचा होईल. जुलै १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला पोचले, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. ज्याला घरी कुणी पंगतीत घेत नव्हतं, शाळेत पाणी वरून ओतलं जात होतं, त्याला "दुसऱ्याच्या हातचं खावं लागेल" ही भीती कशाला वाटेल? ज्या टेबलाला हनुमंतराव आणि आनंदीबाई जपून होते, त्याच टेबलावर त्यांना पहिल्यांदा माणसासारखं बसायला मिळालं. बंधन म्हणजे काय आणि मोकळीक म्हणजे काय, हे आपण पंगतीत कुठं बसलो आहोत यावर ठरतं. आणि त्यांनाही परत येणंच जड गेलं. १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर गेले तर राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर काठ्या घेऊन लोक आले आणि त्यांना बाहेर काढलं. अमेरिकेत उतरता आलं. बडोद्यात नाही.

आता आपण आपल्या गावात परत येऊ. भिवंडीतल्या सर्वांत जास्त माणसांनी लांबचा समुद्रप्रवास कशासाठी केला असेल? नोकरीसाठी खलाशी गेले, ते आहेच. पण म्हातारी माणसं, बायका, ज्यांनी एरवी मुंबईसुद्धा चारदाच पाहिली असेल, ती गेली हजसाठी. मुंबईहून जेद्दा. १८७७ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचं पुढं नाव झालं मोगल लाइन, आणि हाजींना नेणाऱ्या बोटी १९९५ पर्यंत चालू होत्या. त्यानंतर विमानच.

सुरुवातीच्या काळात हाजी आपला शिधा बरोबर न्यायचे, डेकवरच चूल मांडायचे, दाटीत, धुरात. पुढं कंपनीतर्फे शिजवलेलं अन्न मिळू लागलं. सहली आखून देणारी थॉमस कुक कंपनी आपण ओळखतो. सरकारनं १८८६ मध्ये हजच्या प्रवासाची व्यवस्था तिच्याकडं सोपवली होती. १८९३ पर्यंत ती चालली. तोट्याचा व्यवहार म्हणून मग कंपनीनं अंग काढून घेतलं. तिकीट, रेल्वे, बोट एकत्र बांधून देणं, ज्याला आज पॅकेज म्हणतात, त्याचा हा प्रयोग आपल्या गरीब यात्रेकरूंवर झालेला आहे.

आणि उतरायचं कुठं? तांबड्या समुद्रात कामरान नावाचं बेट आहे. १८८२ पासून तिथं विलगीकरणाचा तळ होता. पटकीच्या भीतीनं सगळ्यांना उतरवायचे, कपडे धुरी देऊन निर्जंतुक करायचे, काही दिवस ठेवायचे, मग पुढं. ही त्यांची शोअर एक्स्कर्शन. पण त्याच प्रवासात एक क्षण असा असे की यलमलमच्या रेषेपाशी बोट आली की भोंगा व्हायचा. मग सगळे स्नान करून इहरामची दोन शिवण नसलेली पांढरी वस्त्रं गुंडाळायचे. व्यापारी, विणकर, जमीनदार, खलाशी, सगळे एकसारखे. ज्या बोटीवर आमच्याकडच्या लोकांना आपलं वेगळेपण जाण्याची भीती वाटे, त्याच बोटीवर हे लोक आपलं वेगळेपण मुद्दाम उतरवून ठेवत.

इथं आम्हांला एक कबुली द्यायची आहे. १९६४ ची गोष्ट, आम्ही तेव्हा शाळेत होतो. आमच्या आळीत समोरच एक कोकणी मुसलमान कुटुंब. त्यांचे वडील, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, हजला निघाले. जाण्यापूर्वी हाजी सगळ्यांचं देणं फेडतो आणि ओळखीच्या प्रत्येकाची माफी मागतो. चाचा आमच्या दारात आले. वडिलांना म्हणाले, "काही चुकलंमाकलं असेल तर माफ करा. परत येईन की नाही, अल्ला जाणे." वडिलांचे डोळे भरून आले. आजीनं आतून दशम्यांचं पुडकं आणून दिलं, दुधातल्या. "बोटीवर पोटाला आधार," म्हणाली. चाचांनी ते डोक्याला लावून घेतलं.

ते परत आले. खजूर आणले आणि पत्र्याच्या छोट्या डब्यात डाग देऊन बंद केलेलं झमझमचं पाणी. खजूर आम्ही खाल्ले, फळाला विटाळ नसतो. पाण्याचं काय करायचं? आजीनं ते प्यालं नाही, प्यायला दिलं नाही, आणि ओतूनही टाकलं नाही. देवघरात काशीहून आणलेला गंगेचा बंद गडू होता, त्याच्या शेजारी तिनं तो डबा ठेवला. दोन्ही बंद. तिच्या मरणापर्यंत ते तिथंच होते.

चाचांनी हजहून आल्यावर आळीला जेवण घातलं. आमच्यासाठी वेगळं शाकाहारी केलं होतं, स्वयंपाक्यासुद्धा आमच्यातला बोलावला होता. म्हणजे बर्कचं काचघरच म्हणा. वडिलांनी निरोप पाठवला, "तब्येत बरी नाही." तब्येत उत्तम होती. चाचा पुन्हा कधी बोलले नाहीत त्याबद्दल. मग १९७० चा मे महिना आला. भिवंडीत काय झालं ते इथल्या ज्येष्ठांना सांगायला नको. ते कुटुंब आळी सोडून गेलं. त्यांच्या घरी आम्ही एकदाही जेवलो नाही, ही गोष्ट कायमची तशीच राहिली.

वडिलांनी आपलं अन्न पाळलं, यात आम्हांला काही चूक दिसत नाही. हनुमंतरावानं पाळलं, आनंदीबाईंनी पाळलं. पण त्या दोघांनी अन्न पाळून बसायचं नाकारलं नाही. वडिलांना ताट वेगळं मिळत होतं, तरी ते पंगतीला गेले नाहीत. ताटाचा प्रश्न पुढं करून पंगत टाळणं, ही खरी समुद्रबंदी. ती लाटांवर कधीच नव्हती. ती आमच्या आळीत होती, रस्त्याच्या दोन बाजूंना, आणि अजून पुष्कळ ठिकाणी आहे.

आता पत्नीच्या दोन प्रश्नांची सरळ उत्तरं. आजच्या क्रूझवर शाकाहारी असतं, जैनही मिळतं. मात्र पथ्य, उपास, ॲलर्जी जे काही असेल ते तिकीट काढतानाच कळवायचं आणि चढल्यावर जेवणघराच्या प्रमुखाला पुन्हा सांगायचं. गांधींसारखा संकोच करायचा नाही. कोणतं जेवण तिकिटात धरलेलं आहे आणि कशाचे वेगळे पैसे पडतात, हेही आधी विचारून घ्यायचं. उतरायचं असेल तर दोन मार्ग. बोटीतर्फे आखलेल्या सहलीनं जायचं, किंवा स्वतः रिक्षा-टॅक्सी करून. पहिलं महाग पडतं, पण सहलीची बस अडकली तर बोट सहसा थांबते. स्वतः गेलात आणि उशीर झाला, तर बोट निघून जाते. शेवटची वेळ घड्याळात लिहून ठेवायची आणि तासभर आधी परतायचं.

हे नियम वाचताना आम्हांला वाटलं, आपला समाजही असाच चालत आला आहे. ठरलेल्या सहलीला गेलेल्यांसाठी थांबतो, स्वतःच्या पायांनी उतरलेल्यांसाठी थांबत नाही. बोटीला वेळापत्रक असतं, तिचं समजू शकतो. आपल्याला कसली घाई आहे?

मागच्या आठवड्यात चाचांची सून, आता त्याही पंच्याहत्तरीच्या, आमच्याकडं नातवाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आल्या. आम्ही त्यांना भाभी म्हणतो. पत्नीनं क्रूझचं सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "बाई, लिंबाचं लोणचं न्या हो. सासरे सांगायचे, बोट लागली की तेच तोंडात धरायचं. आणि दशम्यांचं पण सांगायचे. जेद्दापर्यंत पुरवल्या म्हणे." मग निघताना जरा थांबून म्हणाल्या, "सर, लग्नाला या. तुमच्यासाठी वेगळ्या पातेल्यात करतोय."

लग्न क्रूझच्या आधी चार दिवस आहे. आम्ही दोघंही जेवायला जाणार आहोत.



व्याख्यानानंतरचा एक प्रश्न

प्रश्न: सर, वेगळं पातेलं मान्य केलं तर भेदच मान्य केल्यासारखं होत नाही का? सगळ्यांनी एकच खावं असं का म्हणू नये?

उत्तर: प्रश्न चांगला आहे आणि आम्हांलाही तो टोचतो. पण वेगळं पातेलं दोन कारणांनी असतं. एक, मी हे खात नाही. दुसरं, तू शिजवलंस म्हणून मी खात नाही. पहिलं पथ्य आहे, ते व्रताचं असेल, आवडीचं असेल, डॉक्टरांनी सांगितलेलंही असेल. दुसरा अपमान आहे. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात, म्हणूनच फसगत होते. ओळखायची खूण सोपी आहे. वेगळ्या पातेल्यातलं भाभींनी स्वतःच्या हातानं वाढलं, तर आपण खातो का? खात असू तर ते पथ्य. नाही तर आमच्या वडिलांसारखी आपलीही तब्येत बरी नाही, असं समजायचं.